ओळंब्यात आणलेलं घर

आरामगृह, फेलिक्स्टो
३ ऑक्टोबर १९६१

लेन,

काल मिसेस पेटिट मला भेटायला आल्या होत्या. अंडी आणली, गावातल्या तीन मयतांच्या खबरा आणल्या आणि निघताना टोपी घालता घालता म्हणाल्या, "तुमचं घर आता किती छान सरळ दिसतं हो, मिस बॉरेट! मी तर रस्त्यावरून ओळखलंच नाही."

लिंग्ज फार्म आणि सरळ? मी सदुसष्ट वर्षांपूर्वी त्या घरात जन्मले. आपल्या आजोबांचे आजोबा त्यात जन्मले. ते घर खंदकाच्या बाजूला कललेलं आहे हे आख्ख्या विदरफील्डला ठाऊक आहे. पोस्टमनला पत्ता सांगताना लोक "ते कललेलं" एवढंच म्हणतात. मी मिसेस पेटिटना परत बसवलं आणि खोदून खोदून विचारलं. मग कळलं की माझ्या घराखाली नऊ जॅक लावलेले आहेत, भिंतीतून तारेचे दोर गेलेत, आणि माझा धाकटा भाऊ सकाळ-संध्याकाळ हातात पाणसळ, ती बुडबुड्याची पट्टी, घेऊन फिरतोय.

तुझी पाचही पत्रं उशाशी आहेत. रात्री पुन्हा वाचली. पहिल्यात कोंबड्या. दुसऱ्यात कोंबड्या आणि पाऊस. तिसऱ्यात "किरकोळ डागडुजी". चौथ्यात "तुला एक गंमत दाखवायची आहे". पाचव्यात परत कोंबड्या. माझं कंबरेचं हाड जुळेपर्यंत घरात राहा, शेगडी पेटती ठेव म्हणजे ओल धरणार नाही, घड्याळाला किल्ली दे, एवढंच मी तुला सांगितलं होतं. घराला किल्ली द्यायला कोणी सांगितलं होतं?

मला इथे फक्त नोव्हेंबर अखेरपर्यंत ठेवणार आहेत. त्याआधी म्हाताऱ्यांची व्यवस्था बघणाऱ्या समितीच्या मिस डॅल्बी घर बघायला येणार. त्यांनी हो म्हटलं तर मी घरी जायचं. नाही म्हटलं तर इप्सविचला, म्हाताऱ्यांच्या सदनात, जिथे सगळी जमीन लिनोलियमची आहे आणि खिडकी उघडायला परवानगी लागते. तिथे मी मरेन, लेन. हे मी रागाने म्हणत नाहीये, शांतपणे म्हणतेय.

काय काय उचललंस आणि किती, ते उलट टपाली लिही. कोंबड्यांबद्दल एक अक्षर नको.

हेस्टर


लिंग्ज फार्म
६ ऑक्टोबर

प्रिय हेस्टर,

मिसेस पेटिटच्या जिभेला हाड नाही हे मला माहीत होतं, तरी त्यांना जॅक दिसले ही माझीच चूक. तू स्वतः दारातून आत पाऊल टाकून बघावंस अशी माझी इच्छा होती.

विचारलंस म्हणून सांगतो. खंदकाच्या बाजूचा कोपऱ्यातला खांब नऊ इंच खचला होता. नऊ! मी एकतीस वर्षं रेल्वेचे पूल बांधले. अर्धा इंच फरक पडला असता तर मला घरी बसवलं असतं. तो खांब आता पूर्वेच्या खांबाच्या पातळीत आहे. वरचा मजला चार इंच बाहेर झुकला होता, तो दोरांनी आत ओढला. तुझ्या निजायच्या खोलीत दाराशी गोटी ठेवली की पूर्वी ती खिडकीखाली जाऊन आपटायची. लहानपणी आपण तोच खेळ खेळायचो. आज सकाळी मी गोटी ठेवली. ती जागची हलली नाही. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

दारं थोडी अडकतात. रंधा मारला की झालं. थोडा गिलावा पडला, तो मी सिमेंटने भरून घेईन.

आणि हे सगळं मी कशासाठी केलं? डॉक्टरांनी माझ्या तोंडावर सांगितलं, "अशा जमिनीवर तुमच्या बहिणीला चार पायांची काठी घेऊन चालता येणार नाही." मिस डॅल्बींनी ती जमीन पाहिली असती तर तुझी रवानगी इप्सविचलाच होती. बाबांनी आयुष्यभर काही दुरुस्त केलं नाही. खिडकीतून वारा आला की चिंधी कोंबायची आणि खांब खचला की टेबलाच्या पायाखाली लाकूड सरकवायचं. कुणीतरी एकदा ते घर ताळ्यावर आणायलाच हवं होतं.

थँक्यू म्हणायची घाई नाही.

तुझा,
लेन


फेलिक्स्टो
९ ऑक्टोबर

लेन,

तुझं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. मेट्रनने नाडी पाहिली आणि माझी संध्याकाळची कॉफी बंद केली. तेही तुझ्याच खात्यावर.

आधी कामाचं. दारांना रंधा लावू नकोस. ऐकतोयस? एकाही दाराला नाही. सिमेंट तर घराच्या आसपासही आणू नकोस. त्या कुडाच्या भिंती आहेत. चुन्याखाली त्या श्वास घेतात, सिमेंटखाली आतल्या आत कुजतात. हे माझ्यापेक्षा तुला समजायला हवं, पण तुला लोखंड समजतं.

आता ऐक. ते घर कधीच सरळ नव्हतं. ज्यांनी बांधलं त्यांनी ओला ओक वापरला, पडलेल्या झाडातून अजून रस गळतोय असा, कारण वाळलेल्या ओकवर करवतच चालत नाही. सांगाडा उभा केला आणि मग तो वाळला. वाळता वाळता वळला. शंभर वर्षं वळला. जोडांतल्या लाकडी खुंट्या वळल्या आणि आणखी घट्ट झाल्या. मग त्या वळलेल्या घराला माणसांनी दारं बसवली. प्रत्येक दार त्याच्या चौकटीचं माप घेऊन कापलेलं आहे. एकाचाही कोपरा काटकोनात नाही, आणि सगळी एका बोटाने बंद होतात. होत होती. तुझ्या पुलासारखं ते नकाशावर काढून बांधलेलं नाही. तू त्याला कुठल्या सरळपणाकडे परत नेलंस? तसा सरळपणा तिथे कधी नव्हताच.

तुला लहानपणापासून त्या घरात चालता यायचं नाही. जिन्यात पडायचास, ताटलीतलं सूप सांडायचास, आणि बाबा हसले की फुरंगटून कोठारात जाऊन बसायचास. नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं! साठाव्या वर्षी तू अंगणच सरळ केलंस.

सुतार एर्नी कॅटरमोलला बोलाव. मला ठाऊक आहे तुमचं बोलणं नाही. तरी बोलाव. दिवाणखान्यावरची मोठी तुळई जिथे मधल्या खांबात शिरते तो जोड त्याला दाखव. तोवर एकाही जॅकला हात लावू नकोस, ना वर ना खाली.

हेस्टर


लिंग्ज फार्म
१४ ऑक्टोबर

हेस्टर,

तुझं पत्र यायच्या आधीच सात दारांना रंधा मारून झाला होता. आता ओरड.

कॅटरमोल येऊन गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा कुंपणापाशी उभा राहिला, घराकडे पाहिलं, टोपी काढली, जणू आत कुणी गेलंय. मी म्हटलं, "आत या." तर म्हणतो, "त्या दारातून मी तुझ्या आज्याच्या वेळेपासून वाकून आत जातोय, लेन बॉरेट. आज वाकावं लागणार नाही, म्हणून येत नाही." आणि सायकल वळवून चालता झाला. गावातली पोरंटोरंसुद्धा आता मला पाणसळवाले म्हणतात. दारूच्या गुत्त्यात मी शिरलो की कुणीतरी आपला ग्लास तिरका धरतो आणि सगळे हसतात. ही करमणूक तू आणि मिसेस पेटिटनी पुरवलीत, त्याबद्दल धन्यवाद.

लपवून काय उपयोग, म्हणून सांगतो. विटांचं धुराडं हललं नाही. सांगाडा त्याच्यापासून सरकला. दोहोंच्या मध्ये चार बोटं फट पडली आहे आणि तिच्यातून आभाळ दिसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली. मी ताडपत्री लावली आहे.

पण एक गोष्ट मी बोलणारच. बाबांनी घर तुला दिलं. माझ्यासाठी मृत्युपत्रात लिहिलं, "लेन, तुला सगळं सरळ लागतं, हे घर तुला मानवायचं नाही." वकिलाच्या तोंडून ते वाक्य मी ऐकलं, आणि त्यानंतर तेवीस वर्षं दर नाताळला तुझ्या टेबलापाशी पाहुण्यासारखा येऊन बसलो. मी कधी काही बोललो का? मला घर नको होतं. मला एकदा तरी त्या घरासाठी काही करायचं होतं.

आणि जुलैत मला तार आली की तू सकाळी सहाला पडलीस आणि दूधवाला येईपर्यंत, साडेदहापर्यंत, तशीच पडून होतीस. मी तेव्हा डर्बीत ब्रेकफास्ट करत होतो. तू कितीही ओकचे गोडवे गा. त्या वाकड्या जमिनीने तुझं हाड मोडलं. त्या घराने तुला पाडलं, हेस्टर, आणि त्याचा मला इतका संताप आला की मला ते घर तसं बघवेना.

लेन


फेलिक्स्टो
१७ ऑक्टोबर

लेन,

ही गोष्ट मी मरेपर्यंत बोलणार नव्हते. पण घरावर आळ आलेला मी ऐकून घेणार नाही. तेव्हा नीट बसून वाच.

माझ्या खोलीच्या दारात जमीन दोन बोटं खाली उतरते. माझी पावलं तिथे आपोआप उतरतात. झोपेत, अंधारात, हातात ट्रे घेऊन, कशीही. मे महिन्यात तू चार दिवस राहायला आला होतास. तुला तिथे ठेच लागली. मी चर्चला गेले होते तेवढ्यात तू ओकची एक पाचर तासून त्या जागी ठोकून दिलीस, अगदी नेटकी, आणि जेवताना म्हणालास, "आता कुणाला ठेच लागणार नाही." मी काही बोलले नाही. तू इतका खूश होतास.

सात आठवडे मी तिथे रोज जपून पाय टाकला. जुलैत त्या सकाळी विसरले. हातात चहाचा ट्रे होता. पाऊल सवयीने दोन बोटं खाली उतरायला गेलं, आणि जमीन आधीच लागली.

बस. एवढंच झालं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना मी सांगितलं की चहा सांडला होता. मिसेस पेटिटना हॉस्पिटलमधून निरोप पाठवून ती पाचर काढायला लावली आणि शेगडीत घालायला लावली. तू डर्बीहून धावत यायच्या आत.

त्या घराने मला सदुसष्ट वर्षांत एकदाही पाडलं नाही.

हेस्टर


फेलिक्स्टो
२९ ऑक्टोबर

लेन,

बारा दिवस झाले, पत्र नाही. मिसेस पेटिट म्हणतात की तू कुणाशी बोलत नाहीस आणि कोंबड्यांना दुपारपर्यंत दाणे मिळत नाहीत. मी लिहिलेल्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण गप्प बसण्याचा हक्क तुला कुणी दिला? रुसायचं असेल तर पत्र लिहून रूस.

हेस्टर


विदरफील्ड
१ नोव्हेंबर

मिस हेस्टर यांस,

लिहिणं हे माझं काम नाही, मुलगी लिहून देतेय, मी सांगतोय.

तुमचे भाऊ परवा माझ्या शेडमध्ये आले. भर पावसात. टोपी हातात. म्हणाले, "कॅटरमोल, काय करायचं ते सांगा." मी त्यांना तासभर तसंच उभं ठेवलं. रंधा मारत राहिलो. वाटलं जातील. गेले नाहीत. मग मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी सायकल काढली.

घर पाहिलं. खोटं बोलत नाही, मला रडू आलं. मधल्या खांबातल्या तीन खुंट्यांपैकी एक मोडली आहे. मोडली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला होता, हे ते आत्ता कबूल करतात. तुम्हाला लिहिलं का म्हणून विचारलं, तर बुटांकडे बघत बसले. तुळईचं टोक खाचेतून चार बोटं बाहेर आलंय. पण दोन खुंट्या धरून आहेत. ज्याने त्या ठोकल्या तो कामाचा माणूस होता, देव त्याचं भलं करो.

घर परत जाईल. लाकडाला आपली जागा ठाऊक असते. पण एका दिवसात उचललं म्हणून एका दिवसात सोडता येत नाही, नाहीतर उरलेलंही मोडेल. आठवड्याला पाव इंच. नऊ इंचाला छत्तीस आठवडे लागतील. आधीच्या तयारीचे दिवस धरून ऑगस्ट उजाडेल. तुमचे भाऊ म्हणाले, "छत्तीस आठवडे मी इथेच राहतो." मी म्हटलं, "तुम्ही राहाल हो, पण आता हात लावाल तो मी सांगेन तेव्हाच."

दारांचं मात्र काही खरं नाही. कापलेलं लाकूड परत लावता येत नाही. पट्ट्या जोडू, पण ती जोडलेली दारं असतील.

एक सांगतो. तुमचे भाऊ मूर्ख नाहीत, मिस हेस्टर. इंजिनीअर आहेत. त्याला औषध नाही.

तुमचा,
ई. कॅटरमोल


लिंग्ज फार्म
८ नोव्हेंबर

हेस्टर,

मी लिहायला बसायचो आणि उठायचो. काय लिहायचं? मला माफ कर असं लिहिलं की ते तारेतल्या मजकुरासारखं दिसतं. दोनदा लिहून फाडलं.

मी त्या दारात जाऊन बसलो होतो. जिथे ती पाचर होती तिथे चार खिळ्यांची भोकं आहेत. मी पाडलं तुला. आणि वर त्याच घराला शिक्षा केली. तू सांगितलं नसतंस तर मी आयुष्यभर छाती काढून फिरलो असतो. इतका राग माझ्यावर कुणी करू शकणार नाही जितका मीच करतोय, त्यामुळे तू थोडी विश्रांती घे.

पण आता एक वेगळाच पेच आलाय. सोमवारी मिस डॅल्बी आल्या. मी ताडपत्री, फट, तडकलेली काच, सगळं दाखवलं. त्यांनी ते पाहिल्यासारखं केलं आणि पर्समधून एक छोटी पाणसळ काढली. देवाशप्पथ! तुझ्या खोलीत ठेवली, बुडबुडा बरोबर मधोमध. "उत्तम," म्हणाल्या, "या भागातल्या जुन्या घरांत असं कधीच बघायला मिळत नाही." आणि कागदावर लिहिलं: जमीन समतल, निवासास योग्य. तू घरी येऊ शकतेस, हेस्टर. केवळ मी केलेल्या गाढवपणामुळे.

पण पुढच्या महिन्यात ती जमीन समतल नसणार. ऑगस्टमध्ये तर मुळीच नसणार. मला ते बरोबर वाटत नाही. सही घेतली एका घरावर, राहायचं दुसऱ्यात. मी समितीला खरं काय ते लिहिणार आहे. आता तरी मला सरळ वागू दे.

लेन


फेलिक्स्टो
१० नोव्हेंबर

लेन बॉरेट,

खबरदार त्या समितीला एक ओळ लिहिलीस तर!

तुझ्या सरळपणाने माझं हाड मोडलं, धुराड्याला फट पाडली, सात दारं कापली. आता तोच सरळपणा मला इप्सविचच्या लिनोलियमवर नेऊन टाकणार? आयुष्यात एकदा वाकडा वाग. एकदाच. माझ्यासाठी काही करायचं होतं ना तुला? मग हे कर. गप्प बस.

मिस डॅल्बींनी जे पाहिलं ते खरं होतं. सोमवारी जमीन समतल होती. मंगळवारी काय होतं ते त्यांनी विचारलेलं नाही. वसंतात पुन्हा आल्या तर येऊ देत. मी त्यांना चहा देईन आणि पाणसळ ठेवायच्या आधी माझ्याकडे बघा म्हणेन.

मी पंचवीस तारखेला, शनिवारी घरी येतेय. ऑगस्टपर्यंत थांबणार नाही. कॅटरमोलला सांग, पहिला पाव इंच मी घरात असताना सोडायचा. इथली व्यायामाची बाई म्हणते की मला पुन्हा पहिल्यापासून चालायला शिकावं लागेल. मग मी त्याच जमिनीवर शिकेन. ती आठवड्याला पाव इंच उतरेल, मीही तिच्याबरोबर तेवढीच उतरेन. ऑगस्टपर्यंत दोघींचं जमेल.

तू पेटिटांकडे खोली घेऊन राहायचं. माझ्या घरात नाही. रविवारी सकाळी दहाला यायचं, कॅटरमोल सांगेल तितका जॅक फिरवायचा, जेवायचं आणि जायचं. जेवताना टेबलाच्या पायाखाली काहीही सरकवायचं नाही.

आणि एक गोष्ट लिहून टाकते, म्हणजे तू समोर आलास की मला बोलावी लागणार नाही. पडले त्याबद्दल मी तुला माफ केलंय. ते मी जुलैतच केलं, तिथे जमिनीवर पडल्या पडल्या, दूधवाला यायच्या आत. साडेचार तास होते. दुसरं काम नव्हतं.

दारांबद्दल मात्र केलेलं नाही, आणि करणारही नाही. आईच्या खोलीचं दार लागलं की मला खालच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, पाठमोरीलासुद्धा कळायचं की ते तिचं दार आहे. आता ते कुणाचंही दार असेल.

हेस्टर